पान माझे, नोंद धाकटीची

मित्रांनो, ग्रंथालयातले जुने पुस्तक बोलू लागले की ते शहाणपणाच्या चार गोष्टी सांगेल, अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका. मी जुने आहे, कडेने पिवळे पडलेले आहे आणि स्वभावाने फार मत्सरी आहे. दुसऱ्या पुस्तकाचे कोणी कौतुक केले की माझ्या पोटात दुखते. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे तुम्ही मला नावे ठेवणार नाही.

माझे नाव ‘वऱ्हाडातील हुन्नर’. हिवरखेडकर गुरुजींनी मला लिहिले. गुरुजी तिवशाच्या शाळेत शिकवीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकल घेऊन गावोगाव फिरत. घोंगड्या विणणारे, तांब्याची भांडी घडवणारे, कापड रंगवणारे असे कारागीर ते शोधून काढत, त्यांच्या दारात बसत आणि त्यांचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेत. अकोल्याला त्यांना हलीमाबी भेटल्या. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून लाल रंग काढण्याचे काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. हलीमाबींनी गुरुजींना चहा पाजला आणि सांगितले, “कापूस कोनाचाई असो, रंग हाताचा असते. माह्या सुनेच्या हातचा लाल येगळा अन् माह्या हातचा येगळा. दोन्ही बजारात ठेवा, मी नुसत्या वासावून सांगतो कोनता कोनाचा.”

अकोल्याच्या छापखान्यात माझे खिळे जुळवणारा गृहस्थ म्हणाला, “गुरुजी, हे बाईचं बोलनं शुद्ध करून घ्या न. पुस्तकात असं बरं दिसत नाही.”

“ते ती बोलली हाये,” गुरुजी म्हणाले. “तुमी अन् मी कोन शुद्ध करनारे?”

म्हणून माझ्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर हलीमाबी अजून जशा बोलल्या तशाच बोलतात. सन एकोणीसशे अडुसष्टमध्ये मी बाहेर आले. माझे कव्हर खाकी होते, कागद जाडाभरडा होता आणि चित्रे अशी की घोंगडी कोणती आणि मेंढी कोणती ते ओळखू येऊ नये. तरी गुरुजींनी मला हातात घेऊन वास घेतला, तेव्हा माझ्याएवढे सुंदर पुस्तक जगात नाही अशी माझी खात्री पटली. ती खात्री अमरावतीच्या या सार्वजनिक ग्रंथालयात येईपर्यंत टिकली. इथे आजूबाजूला हजारो पुस्तके होती, आणि माझा जळफळाट इथेच सुरू झाला.

आता तुम्हाला संदर्भसूची म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण माझी सगळी दुःखे तिच्यापासून सुरू होतात. कोणी संशोधन करून प्रबंध लिहिला, की त्याच्या शेवटी एक यादी द्यावी लागते. मी अमुक पुस्तके वाचली, हे विचार त्यांच्याकडून घेतले, असे त्या यादीत प्रामाणिकपणे सांगायचे असते. आधी लेखकाचे आडनाव, मग नाव, मग पुस्तकाचे नाव, आवृत्ती, प्रकाशक, गाव आणि वर्ष. एकही गोष्ट गाळायची नाही. लग्नपत्रिका आली की मामा-काका आधी आपले नाव छापले आहे का ते बघतात ना, तशी आम्ही पुस्तके संदर्भसूची बघतो. आमच्या समोरच्याच कपाटात प्रबंध ठेवतात. कोणी तो टेबलावर उघडला, की आम्ही फळीवरून माना वाकड्या करतो.

त्या यादीत माझे नाव असायचे, नाही असे नाही. पण कुठे असायचे? सगळ्यात शेवटी. यादी वर्णाच्या क्रमाने लागते आणि माझे गुरुजी पडले ‘ह’चे. अंजनगावकर नावाच्या एका गृहस्थांनी विहिरींवर एक रटाळ पुस्तक लिहिले होते. त्याची छापखान्यातून जोडून आलेली अर्धी पाने कोणी कापूनसुद्धा पाहिली नव्हती. तरी प्रत्येक यादीत ते पहिले, मिशीला पीळ देऊन बसलेले. निदान क्षीरसागर तरी माझ्या खाली येतील अशी मला आशा होती, पण त्यांनाही लोकांनी उचलून ‘क’मध्ये नेऊन बसवले. मी वर्षानुवर्षे पंगतीच्या शेवटच्या पानावर बसले. पण बसले तर होते. त्या सुखाची किंमत मला धाकटी आल्यावर कळली.

धाकटी म्हणजे माझीच दुसरी आवृत्ती. गुरुजी वारल्यावर बऱ्याच वर्षांनी, सन दोन हजार सोळामध्ये, एका प्रकाशकाने तिला काढले. कव्हरवर कापसाच्या बोंडाचा रंगीत फोटो, कागद असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी, आणि सुरुवातीला कोणा प्राध्यापकांची लांबलचक प्रस्तावना. ग्रंथपाल मोरोपंतांनी तिला आणून नेमके माझ्या शेजारी ठेवले. मला म्हातारीला खेटून ती उभी राहिली आणि सगळ्यांचे हात तिच्याकडे वळले.

पृष्ठसंख्या आटोक्यात राहावी म्हणून प्रकाशकाने तिच्यातले एक प्रकरण गाळले होते. ते रंगाऱ्यांचे होते. म्हणजे धाकटीच्या पोटात हलीमाबी नाहीत. तिच्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तांब्याच्या घागरीला कल्हई कशी करतात ते आहे. पण हे कोण बघतो? वाचक यायचे, तिला काढायचे, “वा, नवी आवृत्ती आली,” म्हणायचे आणि यादीत तिचे नाव लिहायचे. सायकल दामटली गुरुजींनी, चहा पाजला हलीमाबींनी, त्यांचे बोलणे जपले मी, आणि ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार. मित्रांनो, अंगाची लाही लाही व्हायची माझ्या. सख्खी बहीण असून मी तिचा सवतीसारखा दुस्वास केला, आणि आजही करते.

अशातच यास्मीन आली. ती अकोल्याची. तिचे वडील शफीकभाई कापडाचे दुकान चालवतात. आपल्या गावच्या रंगाऱ्यांवर ती प्रबंध लिहीत होती आणि त्यासाठी सकाळच्या गाडीने अमरावतीला यायची. तिने आधी धाकटीला काढले, प्रस्तावनेतल्या चार ओळी उतरवून घेतल्या, अनुक्रमणिका पाहिली, रंगाऱ्यांचे प्रकरण नाही म्हणून परत ठेवले आणि मला काढले. तो क्षण मी कधी विसरणार नाही. धाकटीचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

यास्मीन पान दुमडत नसे, बोटाला थुंकी लावत नसे. कागदाची चिठ्ठी घालून मला मिटायची. एके दिवशी ती एकशे त्रेचाळिसाव्या पानावर आली आणि थांबली. तिने ते पुन्हा वाचले, ओठ हलवत. मग बाहेरच्या ओट्यावर मला घेऊन गेली आणि वडिलांना फोन लावला.

“अब्बा, सुनो. परदादी का नाम छपा है इधर. हलीमाबी, रंगारीपुरा, अकोला. उनकी बात भी है, पूरी की पूरी.”

हलीमाबी तिच्या पणजी होत्या. त्यांचा एकही फोटो घरात नाही, एकही कागद नाही. त्या काय बोलत, कशा बोलत, हे सांगणारे जगात फक्त माझे एक पान. यास्मीनने ते वडिलांना वाचून दाखवले. मग शफीकभाई म्हणाले, “फिर से पढ़ बेटा.”

यास्मीनचे चौथे प्रकरण त्या पानावर उभे राहिले. मी तर हवेत होते. या वेळी यादीत माझे नाव येणार, शेवटी का होईना पण माझेच येणार, धाकटीचे नाही. मी मनातल्या मनात तिला रोज टोमणे मारत होते.

प्रबंध देण्याचा दिवस जवळ आला. यास्मीन वाचनकक्षात लॅपटॉप घेऊन बसली होती, मी तिच्या कोपराशी. संदर्भसूचीचे काम राहिले होते आणि ती एकेक नोंद हाताने टाइप करत होती. शेजारी तिची मैत्रीण प्रतीक्षा होती, तीही संशोधन करणारी.

“हे काय करून राहिली तू?” प्रतीक्षा म्हणाली. “अशानं दिवाळी येईन. वेबसाइटवर पुस्तकाचं नाव टाक, नोंद आपोआप तयार होऊन येते. आडनाव, वर्ष, स्वल्पविराम, सगळं जाग्यावर.”

यास्मीनने माझे नाव टाकले. पडद्यावर क्षणात नोंद आली. हिवरखेडकर, वऱ्हाडातील हुन्नर, दुसरी आवृत्ती, २०१६. माझ्यासारखी खाकी म्हातारी त्या इंटरनेटला ठाऊकच नव्हती.

“हे नव्याचं आलं,” यास्मीन म्हणाली.

“पुस्तक तं तेच हाये न?”

“पुस्तक तेच.”

“मंग झालं. नवं असलं तं अजून चांगलं दिसते.”

तिने बटण दाबले. मित्रांनो, मी तिच्या कोपराला लागून होते. माझ्या पानात तिची चिठ्ठी तशीच होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने धाकटीचे नाव लिहिले. प्रबंधात आत जिथे जिथे पणजीचे बोलणे होते, तिथे कंसात ‘हिवरखेडकर, २०१६, पृ. १४३’ असे झाले. वर्ष तिचे, पान माझे. फळीवर परत गेल्यावर मी धाकटीकडे पाहिलेसुद्धा नाही. ती मात्र काही झालेच नाही अशी उभी होती. तिचा दोष काही नव्हता, पण रागाला एवढा हिशोब कुठे असतो?

त्यानंतर दुष्काळात तेरावा महिना आला. ग्रंथालयात जागा पुरेना म्हणून ज्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आहेत त्यांच्या जुन्या प्रती काढायचे ठरले. मोरोपंत वाईट माणूस नाही. त्यांनी मला फळीवरून काढले, धूळ झटकली, आणि पहिल्या पानावर ‘बाद’ असा शिक्का मारला. मग मला सुतळीने गठ्ठ्यात बांधून जिन्याखाली टाकले. गठ्ठे रद्दीत जाणार होते. अंजनगावकरांच्या विहिरींना मात्र कोणी हात लावला नाही, कारण त्यांची दुसरी आवृत्ती कधी निघालीच नव्हती. मत्सर करायलाही माणसाला नशीब लागते म्हणतात, पण मला जिन्याखालीसुद्धा तो भरपूर पुरला.

एका दुपारी यास्मीनचा आवाज ऐकू आला. ती धापा टाकत आली होती आणि सरळ फळीकडे गेली. धाकटीला काढून पाने उलटल्याचा आवाज मला जिन्याखाली येत होता. मग ती मोरोपंतांच्या टेबलाशी आली.

“काका, पुण्याच्या परीक्षकांचा अहवाल आला. सोमवारी माझी व्हायवा हाये. त्यांनी लिहिलं, एकशे त्रेचाळीस पानावर असा मजकूरच नाही. तिथं कल्हई हाये म्हणे. हे बोलनं मनानं रचलं असन तं प्रबंध मान्य होऊ शकत नाही, असं लिहून धाडलं.”

“मंग तू रचलं का?” मोरोपंतांनी सरळ विचारले. आमच्याकडे असेच विचारतात.

“माझी परदादी हाये काका ती. मी कायले रचू? मी जुन्यातून वाचलं अन् यादीत नवं लिहिलं. मंजुषा मॅडमनं मले आताच झापलं. वाचलं एक अन् दाखवलं दुसरं, आता ते जुनं पुस्तक टेबलावर आन, नाही तं मी काही करू शकत नाही, म्हणून राहिल्या.”

मंजुषा मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. मोरोपंतांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“ते बाद केलं बेटा.”

“बाद म्हणजे?”

“नवी आली होती न. मंग जुनी कायले ठेवाची, म्हणून काढली. रद्दीवाला सकाळीच गाडी भरून गेला. जिन्याखाली थोडे गठ्ठे उरले असन, पन त्याईत हाये का नाही, मले नाही सांगता येत.”

मी त्या उरलेल्या गठ्ठ्यांत होते. पण मित्रांनो, पुस्तकाला हाक मारता येत नाही. माझी पाठ भिंतीकडे होती, नाव दिसत नव्हते, आणि माझ्यावर जुन्या दिवाळी अंकांचा ढिगारा होता. यास्मीन जिन्याखाली आली. तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि सुतळ्या सोडायला लागली. मोरोपंतही आले आणि गुडघे दुखत असताना खाली बसले. एकेक गठ्ठा उघडत होता. भूगोल निघाला, व्याकरण निघाले, पाककृती निघाल्या. प्रत्येक पुस्तक तिच्या हातात जाताना पाहून मला त्याचा हेवा वाटत होता, ते नको असलेले पुस्तक होते तरीही.

शेवटी तिचा हात माझ्या खाकी पाठीला लागला. तिने नाव वाचले नाही. सरळ मला उघडले, एकशे त्रेचाळिसावे पान काढले आणि तिथे बोट ठेवून खाली फरशीवरच बसून राहिली. ती रडत होती. मोरोपंत म्हणाले, “ने बेटा. बाद झालेलं पुस्तक देता येत नाही, पन माह्या जबाबदारीवर ने. अन् परत आनून देजो.”

सोमवारी मी विद्यापीठात गेले, कापडी पिशवीतून. परीक्षकांनी टेबलावर मला आणि धाकटीला शेजारी शेजारी उघडून ठेवले. माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या टेबलावर मी कधी बसले नव्हते. त्यांनी माझे पान वाचले. मग पुन्हा वाचले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले. वासावरून लाल ओळखणारी बाई त्यांना आवडली असावी.

“अवतरण अक्षरशः बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण नोंद चुकीची आहे. हे पान तुम्ही ज्या पुस्तकात असल्याचं लिहिलंत, त्यात ते नाही. असं का केलंत?”

“घाई केली सर,” यास्मीन म्हणाली. “नव्यात ते प्रकरण नाही हे विसरले आणि पुस्तक तेच आहे असं वाटलं. चूक माझीच आहे.”

“पुस्तक तेच नव्हतं. हातात असतं त्याचंच नाव लिहायचं असतं. यादी दुरुस्त करा. प्रस्तावना नव्या आवृत्तीतली घेतली आहे ना तुम्ही? मग दोन्ही लिहा.”

मंजुषा मॅडमनी सुस्कारा सोडला. यास्मीन डॉक्टर झाली. बाहेर शफीकभाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. त्यांनी पिशवीतून मला काढून घेतले, पान शोधले, आणि अक्षरांवरून नुसता हात फिरवला.

दुरुस्त यादीत काय झाले ते ऐका. एकाच लेखकाच्या दोन नोंदी आल्या की जुने वर्ष आधी येते. म्हणून मी वर आणि धाकटी खाली. शिवाय तोच लेखक पुन्हा आला की त्याचे नाव परत लिहीत नाहीत, तिथे नुसती आडवी रेघ मारतात. माझ्यापुढे गुरुजींचे पूर्ण नाव, आणि धाकटीच्या वाट्याला एक रेघ. मी ती रेघ कितीदा पाहिली असेल, सांगता येणार नाही. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा काळ होता.

मोरोपंतांनी माझ्यावरचा ‘बाद’चा शिक्का खोडला, तिथे सही केली आणि मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. कपाटावर लिहिले, दुर्मिळ ग्रंथ. यास्मीनचा प्रबंध समोरच्या फळीवर आला. हलीमाबींचे बोलणे लोकांना फार आवडले. लेख निघाले, चर्चासत्रे झाली, नवे प्रबंध आले, आणि प्रत्येक यादीत मी असते. हिवरखेडकर, पहिली आवृत्ती, अकोला, १९६८. एवढे नाव माझे कधीच झाले नव्हते.

पण मित्रांनो, कपाटात गेल्यापासून मला कोणीही उघडलेले नाही.

ते सगळे यास्मीनचा प्रबंध काढतात, त्यातली माझी नोंद उतरवून घेतात आणि जातात. परवा सोहम नावाचा विद्यार्थी आला होता. त्याने तसेच केले. मोरोपंत त्याला म्हणाले, “मूळ पुस्तक काढून देऊ का? कपाटात हाये.” तो म्हणाला, “नाही काका, नोंद भेटली.” आणि त्याने आपल्या यादीत ऐटीत लिहिले की हे पुस्तक मी वाचले.

पूर्वी यास्मीनचा हात माझ्याकडे आला आणि नाव दुसरीकडे गेले, म्हणून मी जळत होते. आता नाव माझ्याकडे येते आणि हात दुसरीकडे जातात. काचेतून मला उघडी फळी दिसते. काल जुईली नावाची शाळकरी मुलगी धाकटीला घेऊन खाली जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्या दुसऱ्या हातात चिवडा होता. वाचता वाचता तिचे तेलकट बोट पानाला लागले आणि कल्हईच्या घागरीवर पिवळा डाग पडला. मित्रांनो, मला त्या डागाचा हेवा वाटला.

म्हणून एवढेच मागणे आहे. ज्याचे नाव लिहाल, त्याला आधी एकदा उघडा. माझ्या कपाटाची किल्ली मोरोपंतांच्या टेबलाच्या खणात असते. ते कधी नाही म्हणत नाहीत, पण मागावी लागते.